नारळावरची कुस्ती

जनावरंही जत्रा भरवायची, त्या काळची गोष्ट. शेवटची कुस्ती वाघाची. त्याआधी बक्षिसाच्या नारळावरच्या लहान कुस्त्या. पुढे पुढे त्यांत सशाने नुसता हात लावला, तरी बदक आडवं व्हायचं. हलगीवालं माकड तोवर शेंगा सोलत बसायचं.

"घोरपडबाई, पटकन पडा. लोक वाघासाठी आलेत," पंच कोल्हा म्हणाला.

"पडायचंच असतं, तर घरीच पडले असते," म्हणत घोरपडीने अंगाला माती लावली आणि समोरच्या मुंगसाची कंबर धरली. मुंगसाने झटके दिले, पकड सुटेना. मग त्यालाही चेव आला. माकडाने शेंगा टाकल्या, हलगी कडाडली.

"आवरा! वाघ ताटकळलाय!" कोल्हा ओरडला.

वाघ मात्र ती झुंज बघून केव्हाच उठून जोर-बैठका काढायला लागला होता.