पोट दुखत नाही, सर

एका गावात एक कपाट होतं. राजाराणीची गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. ही गोष्ट कपाटाची, एका मुलीची आणि पाळीची आहे. पाळी म्हटल्यावर ज्यांना कानकोंडं होतं, त्यांनीच खरं तर पुढे सरकून बसावं.

कपाट शाळेच्या ऑफिसात, हेडसरांच्या खुर्चीमागे होतं. तालुक्याहून मुलींसाठी पॅडची खोकी यायची. हेडसर, म्हणजे ढोबळे सर, ती नीट रचायचे, कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. माणूस वाईट नव्हता. सरकारी वस्तू वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. जिला पॅड हवं तिने येऊन मागावं, असा त्यांचा नियम. शाळेत शिकवायला एकही बाई नव्हती. आता सांगा, कोणती पोर तोंड उघडून मागणार?

पोरी जायच्या, नाही असं नाही. पण दारात उभ्या राहून खाली मान घालून म्हणायच्या, "सर, पोटात दुखतंय." गावातल्या बायका असंच म्हणतात आणि दुसरीला ते बरोबर कळतं. सरांना कळलं नाही. या गावच्या पोरींना जंत फार, असं त्यांनी ठरवून टाकलं. आरोग्य केंद्रातून गोळ्या मागवल्या आणि जी येईल तिच्या हातावर एक ठेवायला सुरुवात केली. पोरी गोळी घेऊन घरी जायच्या आणि चार दिवस शाळेत यायच्या नाहीत.

आठवीतली प्रणाली अशीच दर महिन्याला घरी बसायची. घरात जुन्या लुगड्याच्या घड्या, त्याही नीट वाळायच्या नाहीत. त्या घेऊन दिवसभर वर्गात बसायची तिला धास्ती वाटायची. एकदा तिचे वडील वैतागून म्हणाले, "सारखं घरीच बसायचं तर शाळेत नाव कशाला ठेवायचं? आणखी एक महिना बघतो, मग नाव काढतो." वडील बोलले की करायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच महिन्यात एका सकाळी परिपाठाला ढोबळे सर म्हणाले, "मुलींनो, तुमची ती खोकी वर्षभर तशीच पडून आहेत. गरज नाही असं दिसतंय. उद्या परत पाठवतो." पॅड हा शब्द त्यांच्याही तोंडून निघाला नाही.

प्रणालीला त्याच सकाळी पाळी आली होती. आज गप्प बसले तर कायमची घरी बसेन, हे तिला कळलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त होता. ती उठून उभी राहिली.

"काय गं, पोट दुखतंय का?" सरांनी विचारलं.

"पोट दुखत नाही, सर. मला पाळी आलीय. पॅड पाहिजे. किल्ली द्या."

पोरं जमिनीकडे बघायला लागली. सर कावरेबावरे झाले. "अगं, हळू बोल जरा."

"हळू बोलण्यात वर्ष गेलं, सर. तुम्ही जंताच्या गोळ्या देत राहिलात."

तिच्या मागे सातवीतल्या दोघी उठल्या. मग आठवीची सगळी रांग उठली. सरांनी किल्ली काढून दिली. प्रणालीने खोकी उचलली आणि मुलींच्या बाथरूममधल्या फळीवर नेऊन ठेवली. कुलूप तिने सरांच्या टेबलावर ठेवलं आणि वर्गात जाऊन बसली. त्या महिन्यात तिचा एकही दिवस बुडाला नाही. वडिलांनी नाव काढायचा विषय सोडून दिला.

तिसऱ्या महिन्यात फळी रिकामी होत आली. परिपाठाला प्रणाली पुन्हा उठली. सर घाईघाईने म्हणाले, "बस, बस. मागणीचं पत्र कालच लिहिलंय."

ती बसली नाही. "वाचून दाखवा, सर."

सरांनी खाकरून पत्र वाचलं. "मुलींच्या पाळीसाठी पॅड, दर महिन्याला" एवढे शब्द मात्र ते पुटपुटले. मागच्या रांगेतून मुली म्हणाल्या, "ऐकू आलं नाही, सर."

सरांनी पुन्हा वाचलं, मोठ्याने.

तात्पर्य: मागायला लाज वाटेल अशी कुलपात ठेवलेली वस्तू 'दिली' असं म्हणू नये, आणि आपल्या हक्काची वस्तू तिच्या खऱ्या नावाने, चारचौघांत, ताठ मानेने मागावी.