बारा खणांची होडी

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी की सांगणारे सांगून दमले. मीही दमलोय, पण तुम्ही बसलाच आहात तर ऐका. बेट कुठलं आणि राजा कोण, ते मात्र विचारू नका. मला ठाऊक नाही.

समुद्रात एक लहानसं बेट होतं. तिथे नारळ होते, मासे होते, पण भात पिकत नव्हता. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. त्याआधी पलीकडच्या किनाऱ्यावरून तांदूळ आणून ठेवायचा, नाहीतर उपाशी बसायचं. बेटावर मोठी होडी एकच, आणि तिच्या फळ्या कुजलेल्या. आत ना आडोसा ना कप्पा. दर वर्षी बराचसा तांदूळ भिजूनच यायचा.

म्हणून बेटाचा कारभार पाहणाऱ्या गावकराने पलीकडून एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. होड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मेस्तरी," गावकर म्हणाला, "फळ्या बदला आणि आत खण करा. बारा घरं, बारा खण. प्रत्येकाला वरून झाकण. ज्याचा तांदूळ त्याच्या खणात, म्हणजे भांडणच नको."

सुतार कामाला लागला. कुजकं काढलं, नवं बसवलं, फटींत कापूस ठोकून राळ भरली. मग आत उतरून खण करू लागला. होडीच्या पोटात ताठ उभं राहता येत नाही हो! दिवसभर गुडघ्यांवर बसायचं, मान वाकडी करायची, डोळ्यांत भुसा घ्यायचा. आणि वरून गावकर डोकावतोय. "हा खण जरा रुंद करा, त्यांच्या घरात खाणारी तोंडं जास्त." दुसऱ्या दिवशी, "छे छे, आता शेजारचा अरुंद झाला." केलेलं मोडा, मोडलेलं पुन्हा करा. महिनाभर हेच चाललं. सुताराची कंबर धरली, अन्नावरची वासना गेली. रोज सकाळी हत्यार उचलताना त्याला रडू यायचं. खरंच यायचं, मोठा माणूस असला म्हणून काय झालं!

शेवटी झाकणं करायची वेळ आली. सुताराने पहिलं झाकण बसवलं आणि चारी बाजूंनी चिंचोक्याएवढी फट ठेवली. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फट आपोआप बुजते. कोरडं असतानाच घट्ट बसलेलं झाकण ओलं झालं की जागचं हलत नाही. आणि तळाशी पाणी साचलं तर ते उपसायला झाकण उघडावंच लागतं. हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि आजवर प्रत्येक होडीवाल्याला तो ते समजावून सांगत आला होता.

गावकराने फटीत बोट घातलं. "अहो, हे काय? यातून झुरळ जाईल! घट्ट बसवा की. वरून हात फिरवला तर झाकण कुठे संपलं ते कळू नये."

सुताराच्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन वाक्यांचं काम. पण त्याच्या मनात आलं, आता पुन्हा बोला, पुन्हा वाद घाला, पुन्हा याचं ऐका. मरू दे तिकडे!

"बरं," तो म्हणाला.

बाराही झाकणं त्याने घट्ट बसवली. इतकी सुबक की बेटावरच्या बायका येऊन त्यांवरून हात फिरवून गेल्या. गावकराला तर काय करू नि काय नको असं झालं.

त्या बेटाची एक रीत होती. दुरुस्त झालेल्या होडीच्या पहिल्या फेरीला तिच्या सुतारानेही बसायचं. त्याप्रमाणे गावकर, चार खलाशी आणि म्हातारा सुतार निघाले. जाताना समुद्र शांत होता. पलीकडे बाराही खण तांदळाने भरले, झाकणं लावली आणि होडी परत फिरली.

येताना वारा उलटा पडला. लाटा वरून येऊ लागल्या. दुपारपर्यंत झाकणं चिंब भिजली, आणि तळाच्या एका जोडातून पाणी आत झिरपू लागलं. होडी जड झाली.

"उपसा रे!" गावकर ओरडला.

खलाशाने झाकणाची कडी ओढली. झाकण हलेना. दोघांनी ओढली, चौघांनी ओढली. कडी उपटून हातात आली, झाकण तसंच. दुसरं तसंच. तिसरंही तसंच.

सुतार पुढे सरसावला. त्याने कुऱ्हाड उचलली आणि आपल्याच हातची झाकणं फोडायला लागला. काम पक्कं होतं ना त्याचं, लवकर फुटतील कशी! एक एक झाकण फुटत गेलं, खलाशी पाणी उपसत गेले. संध्याकाळी होडी कशीबशी बेटाला लागली. माणसं वाचली. बारा खणांपैकी तीन कोरडे निघाले. बाकीच्या तांदळाचा चिखल झाला होता.

किनाऱ्यावर सगळं बेट जमलं होतं. बायका खणांत हात घालून ओला तांदूळ बाहेर काढत होत्या आणि रडत होत्या. गावकराने सुताराचे दोन्ही हात धरले.

"समुद्रापुढे कोणाचं चालतं? मेस्तरी, तुम्ही होतात म्हणून आम्ही जिवंत आलो."

कोणाला काही कळलं नव्हतं. सुतार गप्प राहिला असता तर मानाने घरी गेला असता. अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. पण त्या बायकांकडे बघून त्याला राहवेना.

"दोष समुद्राचा नाही," तो म्हणाला. "ओली झाली की ही झाकणं उघडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. फट त्यासाठीच ठेवली होती."

गावकराने त्याचे हात सोडले. "मग बोलला का नाहीत?"

"दमलो होतो. तुमच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं."

"अहो, मला त्यातलं काय कळतंय?" गावकर कळवळून म्हणाला. "मी आपला दिसलं ते बोललो. तुम्ही 'बरं' म्हणालात, म्हणजे बरोबरच असणार असं वाटलं मला. दमला होतात तर तसं सांगायचं. आठ दिवस पडून राहायचं. पाऊस यायला अवकाश होता, आम्ही थांबलो असतो हो!"

 होडी पुन्हा नीट होण्याआधीच समुद्र खवळला, आणि सुतारही बेटावरच अडकला. तीन खणांचा तांदूळ बारा घरांनी वाटून घेतला. चार महिने सगळ्यांनी दिवसातून एकदाच पेज प्यायली. रोज पहिली वाटी गावकराची आई सुतारापुढे ठेवायची, कारण तो पाहुणा होता. आणि रोज ती पेज त्याला खाली मान घालून प्यावी लागायची.

तात्पर्य: दमलेल्या माणसाने खुशाल विसावा घ्यावा, पण धोका ठाऊक असताना दमला म्हणून गप्प बसू नये.