बोटभर माती

त्या राज्यात घरं वाढत होती आणि टेकड्या कमी होत होत्या. शेवटी एकच उरली, चुनखडीची. रोज तिचा एक लचका सिमेंटच्या भट्टीत जाई, भट्टी धूर ओके, आणि त्या धुरात सगळी घरं खोकत बसत.

खोकून बेजार झाल्यावर थोरल्या घराने सभा बोलावली. बाकीची घरं त्याचंच पाहून वागत. "मी सिमेंट सोडणार," ते म्हणालं. "मातीचं होणार. मग तुम्हीही व्हा. भट्टी विझेल, टेकडी वाचेल."

टेकडीच्या पायथ्याशी माती राहायची. टेकडी तिची आई. झिजून झिजून तिनेच लेकीला जन्म दिलेला. थोरल्या घराचं बोलावणं आलं तशी माती हरखली.

"थोरल्यांचा शब्द आहे, जरा दमानं घे," शेजारचा बांबू म्हणाला.

"तुझं नेहमीचंच! आईचा जीव वाचतोय, दिसत नाही का?"

बांबू तिच्या सोबतीला निघाला. टेकडी एवढंच म्हणाली, "जा बाई. पण पायापासून उभी राहा."

मातीची भिंत म्हणजे खायचं काम नाही. पेंढा घालून आठ दिवस भिजवायची, पायांनी तुडवायची, मग हातभर थर चढवायचा. तो वाळला की दुसरा. मातीने तुडवणं मुकाट सोसलं. आईसाठी करायचं तर कुरकुर कसली? नवव्या दिवशी तिला उचललं आणि थोरल्या घराच्या एका नव्या, तयार भिंतीवर बोटभर लिंपलं. मागे काय आहे, हे तिने विचारलंच नाही. मेला स्वभावच तसा, जिथं लावाल तिथं धरून बसायचं! बांबूला खिडकीपुढे शोभेला बांधलं.

ऊन चढलं. माती वाळू लागली, तिच्या अंगचं पाणी मागच्या भिंतीत झिरपलं, आणि तिला ओळखीचा वास आला. चुनखडीचा. भाजलेला, दळलेला.

"आई?"

तिने खिडकीकडे हाक मारली.

"बांबू, तुला लांबचं दिसतं. टेकडी कुठंय रे?"

"खड्डा आहे गं तिथं. तू पेंढ्यात भिजत होतीस ना, तेव्हाच गेली."

"फसवलं मला! आईला झाकायला मलाच आणलं!"

वास्तुशांतीला सगळी घरं जमली. भिंतीला गाल लावून म्हणाली, "काय गारवा आहे हो!" थोरलं घर लाजलं.

मातीला आता एकच गोष्ट करता येत होती. तिने जीव एकवटला आणि ती तडकली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भेग पडली, आतलं राखाडी सिमेंट दिसलं.

"अस्सल मातीला भेगा पडायच्याच," थोरलं घर हसून म्हणालं. "जा रे कुणी, खड्ड्याच्या काठावरून मूठभर आणा."

घरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्हालाही आणा," सगळी घरं म्हणाली. "बोटभर पुरेल."