भट्टीची नोंद

पूर्वी तक्षशिलेत इंद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व मद्र देशातल्या एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुदंत. गावापासून तीन दिवसांच्या अंतरात एकही वैद्य नव्हता आणि एका पावसाळ्यात त्याच्या दोन बहिणी तापाने दगावल्या. तेव्हापासून वैद्यक शिकायचे हे त्याच्या मनाने घेतले. बापाने घरचे गाढव विकले आणि सुदंत बारा दिवस चालून तक्षशिलेला आला.

तिथले आचार्य आरुणेय यांनी त्याची परीक्षा घेतली. ते म्हणाले, "मुला, तू शिकशील. पण माझे शुल्क मोठे आहे. राजाच्या कोठारातून गरीब विद्यार्थ्यांना साहाय्य मिळते, ते मिळाल्याचे पत्र घेऊन ये."

साहाय्याच्या कचेरीत सोमरक्षित नावाचा अधिकारी बसत असे. त्याने मान वर न करताच विचारले, "दाखला?"

"कसला दाखला?"

"गरिबीचा. तुमच्या ग्रामप्रमुखाची मुद्रा हवी."

"हे दारावर लिहिलेले नाही, महाराज."

"विचारल्यावर सांगतोच की."

सुदंत बारा दिवस चालून गावी गेला. ग्रामप्रमुख म्हणाला, "अरे, तुम्ही गरीब आहात हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. त्याचा दाखला काय मागतात?" पण त्याने तो दिला. सुदंत पुन्हा बारा दिवस चालून आला.

सोमरक्षिताने दाखला दोनदा वाचला. "यात भट्टी लिहिली आहे. भट्टी म्हणजे मालमत्ता."

"महाराज, भट्टी म्हणजे जमिनीतला एक खड्डा आहे."

"खड्डा कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा."

"मग मालमत्ता झाली. भट्टीतून पोटापुरतेच मिळते, असे लिहून आण."

सुदंत पुन्हा गावी गेला आणि पुन्हा आला. त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि गाढवाचे पैसे संपले होते. सोमरक्षिताने नवा दाखला पाहून मान हलवली. "हा ठीक आहे. आता आचार्यांचे प्रवेशपत्र दे."

"आचार्य म्हणतात, आधी साहाय्याचे पत्र आण, मग प्रवेश."

"आणि माझ्याकडे आधी प्रवेश लागतो, मग साहाय्य."

"मग मी करायचे तरी काय?"

"ते मी कसे सांगणार?" सोमरक्षित म्हणाला, आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावले.

कचेरीच्या ओट्यावर नंदिय नावाचा एका विणकराचा मुलगा गाठोडे बांधीत होता. तो दोन वर्षे धर्मशाळेत भांडी घासून या पत्राची वाट पाहत होता. "मी निघालो," तो म्हणाला. "आईला काय सांगू, तेवढेच कळत नाही. परीक्षेत नापास झालो म्हटले तर तिला निदान समजेल. हे कसे समजावू?"

ते ऐकून बोधिसत्त्वाला राग आला. तो तरातरा नगराच्या वेशीपर्यंत चालत गेला आणि वेशीवरच्या दगडावर बसून राहिला. गावी जावे तर गावात वैद्य नव्हता. राग ओसरला नाही, पण त्या रागातच त्याला एक प्रश्न सुचला, आणि तो विचारायला तो परत कचेरीत गेला.

"महाराज, राजाने हे साहाय्य सुरू केले तेव्हा मूळ आज्ञा काय दिली होती?"

सोमरक्षित गोंधळला. असे कोणी विचारले नव्हते. "ती माझ्या मागच्या पेटीत आहे. अठरा वर्षे झाली, मी ती उघडलेली नाही."

"एकदा उघडून पाहू या का?"

पेटीचे झाकण दोघांनी मिळून उचलले. आत एक ताम्रपट होता आणि त्यावर एकच वाक्य होते. आचार्य ज्याला योग्य म्हणतील आणि ज्याला घरून शुल्क देता येत नसेल, त्याला कोठारातून द्यावे. दाखला, मुद्रा, भट्टी, प्रवेशपत्र यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

सोमरक्षिताने ते वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचले. मग म्हणाला, "माझ्या आधीच्या अधिकाऱ्याला एका सावकाराच्या मुलाने फसवले. राजाने त्या अधिकाऱ्यालाच हाकलून दिले. म्हणून मी मुद्रा मागू लागलो. मग कोणी खोटी मुद्रा आणली, म्हणून आणखी एक कागद. एकेक लबाड येत गेला आणि मी एकेक अट वाढवत गेलो. मला तीन मुली आहेत, सुदंता. माझी नोकरी गेली तर त्यांचे काय?"

मग त्याने आवाज खाली आणला. "तुझे पत्र मी आत्ता देतो. ताम्रपटाविषयी बाहेर बोलू नकोस."

बोधिसत्त्वाचा हात पुढे होऊ पाहत होता. साठ दिवसांची पायपीट करून तो ज्यासाठी आला होता, ते समोर होते. पण आईला काय सांगावे ते न सुचल्याने नंदिय अजून ओट्यावरच गाठोडे घेऊन बसला होता.

"हे पत्र मला कोणत्या नियमाने देता?" त्याने विचारले.

"नियमाने नाही. तू पेटी उघडायला लावलीस म्हणून."

"मग ज्याला पेटी ठाऊकच नाही, तो उद्याही वेशीवर जाऊन बसेल. मला एकट्याला नको. आपण आचार्यांकडे चला."

नंदियाला थांबायला सांगून दोघे निघाले. आचार्यांचा आश्रम कचेरीपासून एका गल्लीवर होता. अठरा वर्षांत सोमरक्षित तिथे एकदाही गेला नव्हता आणि आचार्यही कधी कचेरीत आले नव्हते. सगळे ऐकून आचार्य म्हणाले, "दरवर्षी मी कितीतरी मुलांना पत्र आणायला पाठवतो आणि त्यांतली बहुतेक परत येत नाहीत. मला वाटे, पोरांच्या अंगात चिकाटी नाही. मी वर्गात तसे बोलूनही दाखवले आहे."

त्याच दिवशी ठरले की योग्य मुलाचे नाव आचार्यांनी स्वतः कचेरीत कळवायचे आणि मुलगा लबाड निघाला तर राजाला जाब आचार्यांनी द्यायचा. सोमरक्षिताच्या मनावरचे ओझे उतरले. पण त्या वर्षाच्या वाट्यात एकाच विद्यार्थ्यापुरते धान्य उरले होते. बोधिसत्त्वाने कचेरीच्या ओट्याशी परत येऊन नंदियाला गाठोडे सोडायला सांगितले.

"आणि तू?" नंदियाने विचारले.

"तू माझ्या आधीपासून थांबला आहेस."

ते वर्षभर बोधिसत्त्व कचेरीच्या ओट्यावर बसला. येणाऱ्या प्रत्येकाला काय लागते आणि काय लागत नाही, हे तो साध्या भाषेत सांगे. कोणालाही दुसऱ्यांदा यावे लागले नाही. आधी निघून गेलेल्यांना त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या तांड्यांबरोबर निरोप धाडले. त्यांतले दोघेच परतले. पुढल्या वर्षी त्याला स्वतःला साहाय्य मिळाले. सात वर्षे शिकून तो गावी गेला आणि तिथे त्याने आयुष्यभर लोकांना औषध दिले.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोरच्या भिक्षूंकडे पाहिले. "त्या वेळचा सोमरक्षित म्हणजे चीवरांच्या कोठीवर बसणारे हे आपले वृद्ध भिक्षू. काल एका नव्या भिक्षूला त्यांनी एका वस्त्रासाठी तीनदा परत पाठवले. तो नवा भिक्षू म्हणजे नंदिय. आचार्य आरुणेय म्हणजे त्याला विहारात आणून मग विसरून गेलेले त्याचे उपाध्याय. सुदंत मीच होतो. मी तेव्हा चिडलो नव्हतो असे कोणी समजू नये, चांगलाच चिडलो होतो. पण चिडूनही त्याच दाराशी परत गेलो आणि दार उघडल्यावर एकटा आत गेलो नाही. तीच माझी त्या जन्मीची क्षांती, माझी सहनशीलता."

वृद्ध भिक्षू उठले आणि कोठीकडे गेले.