बर्फात वर जाणारी रानकोंबडी

फार फार पूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, दूरदेशीच्या उंच, बर्फाळ डोंगरात एक राखाडी रानकोंबडी राहायची. तिची तऱ्हाच न्यारी! थंडी पडली की बाकीची पाखरं खाली खोऱ्यात उतरायची आणि ही बया निघायची वर, बर्फात. तिथे देवदारावर बसून त्याची सुईसारखी कडू पानं खात हिवाळा काढायची. ससाणा आला की ती खोडाला चिकटून गप्प बसायची. राखाडी खोडावर राखाडी पाखरू, त्याला ती दिसायचीच नाही.

एका वर्षी तिचं एकच पिल्लू वाचलं. खोऱ्याकडे निघालेली तित्तरीण तिला म्हणाली, "अगं बाई, एकुलती एक पोर, आणि तिला बर्फात नेतेस? चार पाखरं काय म्हणतील? चल आमच्याबरोबर. खाली दाणेच दाणे आहेत!"

"आई, मला दाणे खायचेत गं," पिल्लू म्हणालं.

रानकोंबडीला स्वतःचीच लाज वाटली. ती खाली गेली.

दाणे खरंच गोड होते, खोटं कशाला बोला! पण एके दुपारी कापलेल्या शेतावर ससाण्याची सावली पडली. तित्तरीण झटकन झुडपात पळाली.

"हलू नकोस!" रानकोंबडी पिल्लाला म्हणाली. पोर गुणाची, तिथेच बसली. पण भोवती सगळं पिवळं शेत! दोघी लांबूनही उठून दिसत होत्या.

"अगं, पळ की!" झुडपातून तित्तरीण ओरडली.

ससाणा झेपावला. आईने पिल्लाला झुडपात ढकललं आणि मागून स्वतःला झोकून दिलं. तिचं अख्खं शेपूट ससाण्याच्या पंजात राहिलं.

"अशी बसून काय राहिलीस? आम्ही तर सावली दिसली की पळतो," तित्तरीण म्हणाली.

"आम्ही बसतो गं. वर तेच चालतं."

दुसऱ्याच दिवशी मायलेकी डोंगर चढल्या.

"आई, कडू आहे," देवदाराचं पान चघळत पिल्लू म्हणालं.

"हो बाळा, कडूच आहे. खा."

वरून ससाणा आला. दोघी खोडाला चिकटून बसल्या. त्याने दोन घिरट्या घातल्या, त्याला काहीच दिसलं नाही, आणि तो निघून गेला.

म्हणून मुलांनो, चारजण काय म्हणतील म्हणून आपली जागा सोडू नये; आपला गुण जिथे कामी येतो, तिथेच आपला जीव सुखरूप असतो.