सोळा पेल्यांचा काढा

एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध वैद्य होते आणि त्यांच्यापाशी एक शिष्य होता. वैद्यांना पुष्कळ गोष्टी ठाऊक नव्हत्या आणि तसं ते लोकांना मोकळेपणाने सांगतही असत. शिष्याला मात्र सारं काही ठाऊक होतं. स्त्रियांच्या पोटदुखीवरचे एक्केचाळीस काढे त्याला मुखोद्गत होते, आणि तशी एखादी रुग्ण कधी येते याची तो सासुरवाडीच्या आमंत्रणासारखी वाट पाहत असे.

एके दिवशी सकाळी तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी आपल्या पत्नीला घेऊन आला. तिचं नाव कुमुदिनी. ती भिंतीला टेकून अंग चोरून बसली. व्यापारी वैद्यांसमोर ऐसपैस मांडी घालून बसला.

"काय होतंय, मुली?" वैद्यांनी विचारलं.

"पोटात दुखतं तिच्या," व्यापारी म्हणाला. "दर महिन्याला चार दिवस. गुडघे पोटाशी घेऊन पडते नुसती."

"किती वर्षं झाली गं?"

"आठ," व्यापारी म्हणाला.

"दुखणं कसं आहे? कळ येते, की ओढ लागते?"

"तसं विशेष काही नाही," व्यापारीच म्हणाला. "बायकांना असतंच. पण वैद्यबुवा, पुढच्या महिन्यात वडिलांना ऐंशी पूर्ण होतायत. चारशे पानं उठायची आहेत, आणि नेमके हिचे दिवस तेव्हाच येतात. आईनं निक्षून सांगितलंय, या खेपेला सून उभी राहिली नाही, तर तिला कायमची माहेरी पोचवून ये. तेव्हा काहीतरी जालीम काढा द्या."

कुमुदिनीने मान खाली घातली. आठ वर्षांचा संसार आता एका काढ्यावर येऊन ठेपला होता, आणि तो काढा कुणी तिला विचारूनही ठरवत नव्हतं.

शिष्याची मात्र कळी खुलली. "गुरुजी, अशोकाची साल, दशमुळं, त्यात शतावरी आणि..." वैद्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्यांनी तोच हात पुढे केला आणि व्यापाऱ्याचं उजवं मनगट धरलं. डोळे मिटून बराच वेळ नाडी पाहिली. नंतर त्याला जीभ बाहेर काढायला लावली.

"पण दुखणं तिचं आहे," व्यापारी जीभ आत घेत म्हणाला.

"असं होय? उत्तरं तुम्ही देत होता, म्हणून मला वाटलं तुमचंच असेल." वैद्य गंभीर होते. "असो. काढा देतो. आलं, ओवा, बडीशेप आणि दालचिनीचा तुकडा. सोळा पेले पाणी घालायचं, मंद आचेवर दोन पेले उरेपर्यंत आटवायचं. झाकण ठेवायचं नाही. काढा तुम्ही स्वतः करायचा, जागचं हलायचं नाही, आणि तो होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललात, तर पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा सोळा पेल्यांपासून सुरुवात. ही शेजारी बसेल किंवा पडेल. हिला बोलायची मुभा आहे. हिचे दिवस सुरू झाले की आरंभ करा. हा माझा शिष्य देखरेखीला येईल."

शिष्य शरमून गेला. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यात डोळे मिटून हात घातला तरी निघेल असा हा काढा. एवढ्यासाठी का त्याने एक्केचाळीस काढे पाठ केले होते? गुरुजींचं वय झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याचं त्याला वाईटही वाटलं नाही.

पाच दिवसांनी निरोप आला आणि शिष्य व्यापाऱ्याच्या घरी जाऊन बसला. कोळशाची शेगडी पेटली, पातेलं चढलं, कुमुदिनी जवळच चटईवर कुशीला पडली. पाण्याला आधण येतंय न येतंय तोच पुढच्या दुकानातून कुणीतरी हंड्याचा भाव विचारला. "आलो!" असं व्यापारी सवयीने ओरडला. शिष्याने निमूट पाणी ओतून दिलं. दुसऱ्या खेपेस व्यापाऱ्याची आई दारात येऊन उभी राहिली. घरात बायका असताना मुलगा शेगडीपुढे बसलेला पाहून तिने कपाळाला हात लावला. "अगं, वैद्यांनीच सांगितलंय," तो म्हणाला, आणि पुन्हा पाणी गेलं. तिसऱ्या खेपेस पाणी निम्मं आटलं तेव्हा व्यापाऱ्याने नुसतं "झालं का?" एवढंच विचारलं. शिष्याने पातेलं उचललं. आयुष्यात प्रथमच त्याला वैद्यकीत मजा वाटू लागली होती.

चौथ्या खेपेस व्यापाऱ्याने ओठ घट्ट मिटून घेतले. दहा मिनिटांनी कुमुदिनी म्हणाली, "आच जास्त झालीय." त्याने कोळसे मागे ओढले. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "तो तांब्या देता?" आणि शेगडीच्या कडेला तापत ठेवलेला एक तांब्या तिने फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर धरला. व्यापारी त्या तांब्याच्या काळ्या बुडाकडे बघत राहिला. असे काळवंडलेले तांबे दुकानात अधूनमधून निघत, आणि त्यापायी दोन नोकर त्याच्या शिव्या खाऊन सोडून गेले होते.

"तुम्हाला सांगायला हवं होतं," ती शेगडीकडे बघत म्हणाली. "पण काय सांगायचं? आत कुणीतरी ओलं धुणं पिळतंय असं होतं. मांडीपर्यंत उतरतं. शौचाला बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. दुकानात उभी असते तेव्हा गिऱ्हाईकाशी बोलताना दात आवळून धरते, म्हणून मी हसते असं तुम्हाला वाटतं." तिने तांब्या जरा वर सरकवला. "आणि तुम्ही जवळ येता, तेव्हाही दुखतं. सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, बायकांना असतंच."

शिष्य आढ्याच्या वाशांकडे पाहू लागला. व्यापाऱ्याने बोलायला तोंड उघडलं, शिष्याचा हात पातेल्याकडे गेला, आणि व्यापाऱ्याने तोंड मिटलं. त्याला मनस्वी लाज वाटत होती आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती. उरलेला सगळा वेळ त्याला गप्प बसून ऐकावं लागलं. काढा दोन पेल्यांवर आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. कुमुदिनीने फुंकर मारत तो घेतला. "ऊब वाटतेय," ती म्हणाली. "जरा सैल झालं." तासाभराने कळ पुन्हा आली.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी दोघं वैद्यांकडे आली. या वेळी व्यापारी भिंतीशी बसला.

"कसं आहे?" वैद्यांनी विचारलं. व्यापाऱ्याने सवयीने श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. कुमुदिनी बोलू लागली. तिला थांबवायची कुणालाच घाई नव्हती. सारं ऐकून वैद्य म्हणाले, "मुली, हे महिन्याचं साधं दुखणं नव्हे. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर काही जणींच्या पोटात बाहेरही रुजतं. दर महिन्याला तेही आतल्यासारखंच वागतं, पण त्याला वाहून जायला वाट नसते. हा माझा तर्क आहे. खात्री जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातच होईल, आणि उपचारही तिथेच. काढा पोटाला ऊब देईल, एखादी कळ सुसह्य करील. याहून अधिक त्याच्याच्याने होणार नाही. चिठ्ठी देतो."

"आजच नेतो," व्यापारी म्हणाला. "समारंभाला दोन आचारी सांगितलेत. आणि आईला सांगून आलोय, हिला माहेरी धाडणार असशील, तर मीही तिकडेच राहायला जाईन." कुमुदिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. दात आवळलेले नव्हते.

दोघं गेल्यावर शिष्याने विचारलं, "गुरुजी, आपल्याला पहिल्याच दिवशी शंका आली असणार. मग दवाखान्याची चिठ्ठी तेव्हाच का नाही दिली?"

"याआधी तिघा नवऱ्यांना पहिल्याच दिवशी दिली होती," वैद्य म्हणाले. "तिघेही घरी गेले, बायकांना असतंच म्हणाले, आणि चिठ्ठीच्या कागदाची पुडी बांधली. दवाखान्यात नेणारा तो, आणि दुखणं ठाऊक हिला. मधला रस्ताच नव्हता. रस्ता होईपर्यंत त्याला गप्प बसवायला काहीतरी आटत ठेवायला हवं होतं."

"पण तो काढा किती साधा! माझ्याकडे त्याहून गुणकारी..."

"असतील," वैद्य म्हणाले. "माझ्याकडेही होते. माझी पत्नी अशीच पडून असे. अकरा वर्षं मी तिला एकाहून एक सरस काढे दिले. ती प्रत्येक काढा संपवायची आणि म्हणायची, बरं वाटतंय. मला कौतुक वाटायचं, काढ्याचं."

शिष्याने विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

"ठाऊक नाही," वैद्य म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

शिष्य गुरूंच्या शेजारी जाऊन बसला.

आपल्याही घरात कुणीतरी 'बरं वाटतंय' म्हणून पेला रिकामा करत असेल. आज तिच्याजवळ जाऊन बसावं, आणि आधी आपण गप्प व्हावं.