सगळं पुसा

"...म्हणून म्हणतो, भंतेजी, तुम्हीच सांगा त्याला. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. सांगाल ना?"

निशिकांत रामटेके पुन्हा पुन्हा हेच विचारत होता. विहाराच्या आवारात म्हातारे भंतेजी धुतलेलं चीवर वाळत घालत होते. पिळून झालं, झटकून झालं, दोरीवर टाकून झालं.

निशिकांत औषधांच्या एका कंपनीत संगणक विभागाचा प्रमुख होता. विहाराच्या पायरीवर तो चपला काढून ठेवी, पण आपलं प्रमुखपण काही काढून ठेवत नसे.

कंपनीचे मेल कोणाच्या मोबाइलवर दिसावेत आणि कोणाच्या नाही, हे तोच ठरवी. नियमही त्याचाच. मेल हवे असतील तर संमतीपत्रावर सही करा. मोबाइल हरवला तर कंपनी तो दुरूनच पुसून टाकेल. मेलसकट सगळा.

विक्री विभागातल्या, याच विहारात येणाऱ्या देवानंद ढोकेने अशी सही केली होती. उन्हाळ्यात त्याचा मोबाइल एसटीत राहिला. निशिकांतने तत्परतेने बटण दाबलं. संध्याकाळी कंडक्टरने मोबाइल आणून दिला, तेव्हा तो कोरा करकरीत होता.

ढोकेचे वडील त्या उन्हाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात वारले होते. अंथरुणाला खिळल्यावर ते मुलाशी जे काही बोलले, ते सगळं त्याने त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

निशिकांतला वाईट वाटलं. पण झालं ते नियमाप्रमाणे झालं, असंही वाटलं, आणि हे दुसरं वाटणं पहिल्याच्या उरावर बसून राहिलं.

आता ढोके मोबाइलवर पुन्हा मेल घ्यायला तयार नव्हता. मालकांनी सांगून टाकलं होतं, सोमवारी सही झाली नाही तर त्याने दुसरी नोकरी बघावी.

"तो काय म्हणतो?" भंतेजींनी विचारलं.

"काही नाही. 'एकदा झालं साहेब, पुरे.' एवढंच."

"मग कंपनीने द्यावा ना त्याला मोबाइल."

"मालक खर्चाला तयार नाहीत."

"नुसते मेलच नाही का पुसता येत?"

"येतात. पण मग बाकी मोबाइलमध्ये कंपनीचं काय काय राहिलं, ते कोणाला कळणार? नियम ढिला सोडला की संपलंच."

"हं..."

"आणि बटण शेवटी माझ्याच हातात आहे, भंतेजी. मी काय त्याचा वैरी आहे? उगाच कशाला दाबीन? एवढा भरवसा नको ठेवायला?"

भंतेजी पायरीवर येऊन बसले.

"ते बटण असतं तरी कसं?"

निशिकांत खुलला. समजावून सांगायचं म्हटलं की तो खुलतच असे. त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, इथे तिथे बोट लावलं, पासवर्ड टाकला आणि थेट शेवटच्या पडद्यापर्यंत नेऊन दाखवला. लाल बटण होतं. त्यावर लिहिलेलं होतं, 'सगळं पुसा.'

"असंच असतं. हे फक्त माझ्या मोबाइलचं. माझ्या संगणकावर सगळ्यांची नावं आहेत, नावापुढे हे. बोट टेकलं की झालं."

भंतेजींनी हात पुढे केला. निशिकांतने मोबाइल दिला.

त्यांनी तो डाव्या हातात धरला, उजव्या हाताचा अंगठा लाल बटणावर आणला, आणि टेकवायच्या किंचित आधी थांबवला. मग डोळे मिटून घेतले.

"भंतेजी... जरा सांभाळून."



निशिकांतच्या मुलीने टाकलेली पहिली पावलं त्या मोबाइलमध्ये होती. अख्ख्या ऑफिसला 'कॉपी काढून ठेवा' म्हणून बजावणाऱ्या या गृहस्थाने स्वतः कधी कॉपी काढली नव्हती. ते त्याला नेमकं आत्ता आठवलं.

अंगठा म्हातारा होता. मधूनच थरथरत होता.

"भंतेजी, तुमचा हात हलतोय."

"वय झालं."

...

चीवरातून पाणी ठिबकत होतं. पडद्याचा उजेड मंदावला तसा निशिकांतचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भंतेजींनी डोळे किलकिले केले आणि डाव्या हाताचं बोट पडद्याच्या कडेला लावलं. पडदा पुन्हा लख्ख झाला. निशिकांत अर्धा उठलाच.

"द्या ना इकडे, भंतेजी."

"काहून? मी दाबलं का?"

"नाही."

"दाबीन असं वाटते?"

या माणसाला निशिकांत कळायला लागल्यापासून ओळखत होता. त्याचं नावसुद्धा यांनीच ठेवलं होतं.

"नाही वाटत," तो म्हणाला. खरंच वाटत नव्हतं. तरी त्याची नजर अंगठ्यावरून हलेना, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"मग ढोकेला..." त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "ढोकेला काय सांगू?"

भंतेजींनी त्याच्याकडे पाहिलं. अंगठा होता तिथेच होता.

"ते सोमवारी बघू. तोवर हा राहू दे असाच माझ्या हातात. तू घरी जा, निवांत जेव."